साडेतीन, साडेआठ

वैशाखातला रविवार. आप्पा सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारातून दुपारी घरी आले, तेव्हा मामा ओट्याशी वाटी घेऊन उभे होते आणि आईचा चेहरा उतरला होता. भाऊ लग्नासाठी आलाय म्हणून तिने सकाळीच किलोभर पनीर आणवलं होतं. मामांनी त्यातला नखाएवढा तुकडा पाण्यात उकळला, गार होऊ दिला आणि औषधांच्या डब्यातल्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब त्यावर टाकले. पाणी विटकरी झालं. निळं झालं नाही.

“सुटले बाई,” आई म्हणाली.

“लगेच सुटू नकोस. निळं झालं नाही म्हणजे यात स्टार्च नाही, एवढंच. दुधाचं आहे की पाम तेलाचं, हे आयोडीनला कळत नाही. आपण जेवढं विचारलं तेवढंच त्याने सांगितलं.”

आप्पांनी पाय धुता धुता दारातूनच विचारलं, “कितीला आणलं ओ?”

“240 ला.”

“मग ते औषध कशाला पायजे? अण्णा, गाईच्या साडेसहा-सात लिटर दुधाचं किलोभर पनीर पडतंय. 30 रुपयानं दूध धरलं तरी 200 रुपये तिथंच गेले. वर गॅस, मजुरी, गाडीभाडं, आन दुकानदार काय फुकट बसलाय का? 240 ला पनीर इकणारा एक तर धर्मात्मा हाय, न्हाईतर त्येच्यात दूधच न्हाई.”

मामा हसले. हिशोब बरोबर होता. पण हिशोब म्हणजे पुरावा नव्हे, असं म्हणून त्यांनी पुढचं दीड तासाचं बोलणं ओढवून घेतलं.

हे दोघे मेहुणे समोरासमोर बसले की असंच होतं. मामा सरकारी अन्न निरीक्षक म्हणून नोकरीला लागले आणि अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाले. खुर्ची तीच, पाटी बदलली. 1954 चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला, त्या दिवशी. आप्पा सांगोल्यापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या आमच्या गावात दूध संकलन केंद्र चालवतात. सकाळ-संध्याकाळ मिळून साठ-सत्तर जणांचं दूध घेतात, फॅट लावतात, लॅक्टोमीटरवर डिग्री बघतात, पावती फाडतात. एकाने आयुष्यभर दूध संशयाने पाहिलं, दुसऱ्याने उधारीवर. मी दोघांच्या मध्ये, पाण्याचा तांब्या घेऊन.

“हे जे तुम्ही पामतेलाचं म्हणता,” मी विचारलं, “ते खाल्लं तर काय होतं?”

“बहुधा काहीच नाही,” मामा म्हणाले. “हीच तर गंमत आहे. दूध पावडर आणि वनस्पती तेलापासून पनीरसारखा पदार्थ करायला कायद्याने बंदी नाही. त्याला ॲनालॉग म्हणतात. पाकिटावर तसं ठळक लिहिलं की झालं. गुन्हा तेलाचा नाही, नावाचा आहे. त्याला पनीर म्हणायचं नाही.”

“आन सुट्ट्याला कुठलं पाकीट?” आप्पा.

“तेच तर! सुटं विकलं की नाव तोंडी. हॉटेलात मेनूकार्डावर पनीर मसाला लिहिलेलं असतं, ताटात काय येतं ते भटारखान्यालाच ठाऊक. मार्च 2025 मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते असलं पनीर थेट विधानभवनात घेऊन गेले, तेव्हा कुठे राज्यभर बोलबाला झाला. त्याआधी काय लोक खात नव्हते?”

“मग धरायचं की त्येला. तुमाला कुणी आडीवलं?”

मामांनी पान लावायला घेतलं. त्यांचं मोठं बोलणं सुरू होण्याची ही खूण.

“धरायचं म्हणजे काय असतं माहितीय, दाजी? मी दुकानात जातो. पंचासमोर पैसे देऊन माल विकत घेतो. त्याचे चार भाग करतो, चारही सीलबंद. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन वरच्या पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि दुकानदाराने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा. दुकानदाराला तो पटला नाही तर 30 दिवसांत अपील. मग नमुना रेफरल प्रयोगशाळेत. एवढ्या वाटेत एक सही चुकली, एक सील सैल निघालं, तर केस गेली.”

“तवर दूध नासलं.”

“दुधात फॉर्मालिन टाकून ठेवतो आम्ही. नासत नाही.”

“म्हंजे भेसळ पकडायला भेसळ!” आप्पांनी मांडीवर थाप मारली. मामांनाही हसू आवरेना.

मला मॅगीची आठवण झाली. तेव्हा मी कॉलेजात होते आणि होस्टेलच्या पोरींनी दोन महिने शोक पाळला होता. मी म्हटलं, “मामा, पण मॅगीच्या वेळी एवढं मोठं खातं उतरलं होतं, तिथे काय झालं?”

“तेच झालं. शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत अडीच भागांपर्यंत चालतं, उत्तर प्रदेशातल्या एका नमुन्यात ते 17 च्या वर निघालं. शिवाय पाकिटावर ‘नो ॲडेड एमएसजी’ लिहिलेलं. 5 जून 2015 ला दिल्लीहून बंदी आली, आपल्या राज्यानेही बंदी घातली. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि 13 ऑगस्टला दोन्ही आदेश रद्द झाले. का? कंपनीचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं, आणि तपासणी केलेल्या प्रयोगशाळांना त्या कामाची मान्यता नव्हती. न्यायालयाने सांगितलं, पंजाब, हैदराबाद आणि जयपूरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासा. तपासलं, माल पास झाला, मॅगी परत आली.”

“मोठ्याला वकील असतोय,” आप्पा म्हणाले. “आमच्या गावातल्या डेअरीवाल्याचा नमुना फेल गेला तर तो कुठल्या कोर्टात जाणार हाय? दंड भरतो, गप बसतो. म्हंजे न्हवं का, कायदा कुणाला लागला?”

“दाजी, त्या निकालात मला कंपनी जिंकलेली दिसत नाही. खातं घाईत होतं, ते दिसतं. पद्धत नीट पाळली असती तर वकील काय करणार होता? आणि उद्या तुमचाच नमुना कुणी चुकीच्या प्रयोगशाळेत तपासला, तर त्याच निकालाचा आधार तुम्हाला मिळेल. ती चार बाटल्यांची कटकट तुमच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही.”

यावर आप्पा काही बोलले नाहीत. मला वाटतं, पटलं होतं. पण पाहुण्यासमोर पटल्याचं दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही.

आईने ताक आणून ठेवलं. मामांनी पेला उचलला, वास घेतला आणि ओशाळून आईकडे पाहिलं. “सवय,” ते म्हणाले.

“जुना कायदा बरा होता का?” मी विचारलं.

“कडक होता. त्यात किमान सहा महिने कैद होती. ऐकायला बरं वाटतं. पण कैद म्हटल्यावर फौजदारी खटला, खटला म्हटल्यावर तारखा. मी नोकरीला लागलो तेव्हा पकडलेल्या माणसाविरुद्ध साक्ष द्यायला, तेव्हा जावळ काढलेली माझी पोरगी कॉलेजात गेल्यावर गेलोय. म्हणून नव्या कायद्याने बहुतेक प्रकरणं दंडावर आणली. कमी दर्जाचा माल, 5 लाखांपर्यंत. खोटं किंवा अपुरं लेबल, 3 लाखांपर्यंत. दिशाभूल करणारी जाहिरात, 10 लाखांपर्यंत. जिवाला अपायकारक असेल तर मात्र कैद, आणि माणूस दगावला तर जन्मठेपेपर्यंत.”

“आन प्रत्यक्षात?”

मामांना आकडे पाठ असतात. 2022-23 मध्ये देशभरात 1,77,511 नमुने तपासले गेले आणि 44,626 नापास झाले. त्यातले असुरक्षित 6,579, कमी दर्जाचे 21,917, आणि लेबलच्या चुका, दिशाभूल वगैरे 16,130.

“म्हंजे चारातला एक नापास,” आप्पा बोटं मोडत म्हणाले, “आन नापासातला सातातला एक खरा घातकी. बाकी सगळे कमी दर्जाचे, न्हाईतर चिठ्ठी चुकलेले. हे कमी दर्जाचं म्हंजे काय, ते सांगा आता भाचीला.”

इथून पुढे भांडणाचा सूर बदलला. कारण आता गोष्ट आप्पांच्या अंगणात आली होती.

केंद्राच्या भिंतीवर एक फलक आहे. वर लाल अक्षरांत 3.5/8.5, म्हणजे साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश वगळून दुधात उरणारा घन भाग: प्रथिनं, दुग्धशर्करा, क्षार. या आकड्याला पूर्ण दर. त्याखाली प्रत्येक पॉइंटला कपात. जुलै 2023 मध्ये सरकारने गाईच्या दुधाला 34 रुपये दर जाहीर केला, तोही साडेतीन-साडेआठलाच. तो किती दिवस हातात पडला, ते आप्पांना विचारू नये. अन्न सुरक्षेच्या नियमात गाईच्या दुधाची किमान पातळी त्याहून थोडी खाली आहे: 3.2 आणि 8.3. त्याखाली गेलं की कायद्याच्या भाषेत दूध कमी दर्जाचं, मग ते आत्ता डोळ्यांसमोर कासेतून काढलेलं का असेना.

“आता बगा,” आप्पा सांगू लागले, “हे दिवस कसले? माण नदीला वाळू हाय, पाणी न्हाई. हिरवा चारा संपला. उसाचं वाढं आणायचं, ते सुद्धा इकत. होलस्टिनची गाय बेचाळीस डिग्रीत धापा टाकत उभी राहती, दोन घास कमीच खाती. दूध आटतं आन पातळबी होतं. कोन पाणी घालत न्हाई त्यात. तरी डिग्री लागत न्हाई. एसएनएफ आठच्या खाली. त्या बाईला मी काय सांगू? तुजी गाय भेसळखोर हाय?”

“तिच्यावर खटला होत नाही, दाजी. शेतकऱ्याला हा कायदा लागूच नाही. कलम 18 मध्ये स्पष्ट लिहिलंय. कायदा गोठ्याच्या दारात थांबतो.”

“खटला न्हाई, पर दर कापतोय की! आन त्यो दर कापतोय तवा दुसरीकडं काय होतंय, ते तुमाला माझ्यापेक्षा जास्त ठावं. मशिनीला काय दिसतं? फॅट दिसतं, डिग्री दिसती. फॅट कमी पडलं तर तेल फेटून घाला, डिग्री कमी पडली तर पावडर घाला. ज्येला हे जमतं त्येचं दूध रोज साडेतीन-साडेआठ येतं. न चुकता. उन्हाळा असो, पावसाळा असो. अण्णा, मला इचारा, ज्येचं दूध बारा महिने सारकं लागतं त्येच्यावर डोळा ठेवा. खऱ्या गाईचं दूध कधीच सारकं लागत न्हाई.”

मी हे वाक्य लिहून ठेवलं. आपण शुद्धतेची कल्पना अशी करून घेतली आहे की आकडा हलता कामा नये. आणि न हलणारा आकडा फक्त बनवलेल्या दुधाचाच असू शकतो. फॅट आणि एसएनएफ मोजायचं यंत्र दुधाचा अंदाज घेतं, पण त्यात विरघळलेली दुग्धशर्करा गाईची की पोत्यातली, हे त्याला सांगता येत नाही. आमच्या जिल्ह्यात दुधाच्या छाप्यांत व्हे पावडर आणि लिक्विड पॅराफिन सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यातल्या वस्तूंकडे नीट पाहिलं तर त्या कुणा विकृत डोक्यातून निघालेल्या नाहीत. पॅराफिन फॅटच्या रकान्यासाठी, पावडर एसएनएफच्या रकान्यासाठी. भेसळीची पाककृती दराच्या फलकावरच लिहिलेली असते.

मामांनी हे नाकारलं नाही. उलट चीनची गोष्ट त्यांनीच काढली. 2008 साली तिथे लहान मुलांच्या दूध पावडरीत मेलामाइन निघालं. सहा बाळं दगावली, जवळपास तीन लाख आजारी पडली. मेलामाइन म्हणजे प्लास्टिकची ताटं करायचा पदार्थ. तो दुधात कुणी का घालावा? कारण तिथे दुधातली प्रथिनं मोजताना प्रत्यक्षात नायट्रोजन मोजायचे, आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. पाणी घातलेलं दूध मेलामाइनने परीक्षेत पास व्हायचं.

“मग?” मामा म्हणाले. “यावरून तुम्ही काय म्हणता, मोजणं बंद करायचं? तिथे पुढे दोघांना फाशी झाली. चोर परीक्षेप्रमाणे अभ्यास करतो म्हणून परीक्षाच नको?”

“न्हाई. परीक्षा बदलत ऱ्हावा म्हंतो. रोज त्योच पेपर काढला की पोरं पाठ करत्यात.”

“ते काम कोण करणार? दर वेळी नवा पदार्थ शोधायचा तर मोठी यंत्रं लागतात, माणसं लागतात. एका अधिकाऱ्याकडे किती तालुके असतात, माहितीय? मला महिन्याला ठरावीक नमुने काढायचे असायचे.” मामा थांबले. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, “आणि खरं सांगू का? ते नमुने मी कुठून काढायचो? स्टँडजवळच्या डेअरीतून. किराणा दुकानातून. जिथे जीप उभी करता येते तिथून. रात्री दोनला टँकर भरतो तिथे जायला पोलीस लागतात, वाहन लागतं, बायकोची परवानगी लागते. मी गेलो, नाही असं नाही. पण आकडा भरायला स्टँडजवळचा दुकानदार बरा पडायचा. त्याला मी चौदा वर्षांत तीनदा फेल केला. तिन्ही वेळा फॅट कमी. तो बिचारा दूध दुसऱ्याकडून घ्यायचा.”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “दादा, हे कधी बोलला नाहीस.”

“कुणी विचारलं नाही.”

थोडा वेळ पंख्याचाच आवाज. मग आप्पांनीच विषय हलका केला. सांगोल्याच्या डाळिंबाचं उदाहरण दिलं; ते बोलताना त्यांच्या आवाजात तालुक्याचा अभिमान येतोच. 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल्वे इथूनच पश्चिम बंगालच्या शालिमारला सुटली. तेच डाळिंब युरोपला पाठवायचं असेल तर बागेची नोंद अनारनेटवर करावी लागते, फवारणीची वही ठेवावी लागते, माल तोडायच्या आधी बागेतून नमुना जातो. औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला तर माल जात नाही.

“बघा,” मामा उत्साहाने म्हणाले, “म्हणजे बागेपर्यंत माग काढता येतो! पेटीवरच्या आकड्यावरून कुणाच्या शेतातलं फळ ते सांगता येतं. दुधाचंही करता येईल. इच्छा पाहिजे.”

“गिऱ्हाईक पायजे. युरोपवाला म्हंतो, आम्ही बिनतपासलेलं घेत न्हाई. आपलं गिऱ्हाईक काय म्हंतं? 240 चं पनीर द्या.” आणि त्यांनी आईकडे न पाहता ताकाचा पेला उचलला. आईने भांडं जरा जोरात आपटलं.

इथे मला आप्पांचं म्हणणं अर्धंच पटलं. गिऱ्हाइकाने विचारावं तरी काय? पाकिटावर 14 आकडी परवाना क्रमांक असतो. पहिला आकडा 1 असेल तर परवाना, 2 असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी, पुढचे दोन आकडे 15 असतील तर महाराष्ट्र. म्हणून आपल्याकडच्या छोट्या डेअरीचा क्रमांक 215 ने सुरू होतो. हे मला मामांनी सांगितलं म्हणून कळलं. माझ्या आईला कुणी सांगावं? कलम 40 प्रमाणे ग्राहकालाही फी भरून आपण घेतलेला माल विश्लेषकाकडून तपासून घेता येतो, खोट निघाली तर फी परत मिळते. मामांना विचारलं, नोकरीत असे किती ग्राहक आले? त्यांनी डोळे मिटून आठवलं. एक. तोही वकील होता.

“2023 मध्ये सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात समिती केलीय की,” आप्पा म्हणाले. “अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष. पोलीस, अन्नवाले, वजनमापवाले, दूध खातं, समदे एकत्र. ते चांगलं केलं. आमच्यावर बी येऊ द्या. काटा तपासा, मशीन तपासा. शेतकऱ्याचं फॅट मारणारं केंद्र असेल तर तेबी भेसळच हाय म्हंतो मी. दुधात न्हाई, हिशोबात.” हे वाक्य आप्पांच्या तोंडून ऐकून मामांनी भुवया उंचावल्या. “पर येताना दिवाळीत येऊ नका. मोहिमा समद्या दिवाळीत. खवा धरला, फोटो आला. दिवाळीत दूध असतंय ओ! दूध आटतं ह्या दिसात, चैत-वैशाखात, आन लग्नं बी ह्याच दिसात. दूध कमी आन जेवणावळी जास्त, मग पनीर कुठनं येतंय? ह्या दिसात या.”

मामांनी खिशातून छोटी वही काढून त्यात काहीतरी टिपलं. निवृत्त माणूस हे टिपून काय करणार, मला कळलं नाही.

मग मामांनी त्यांच्या ठेवणीतला मुद्दा काढला, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच आप्पा गप्प झाले. देशात दुधाच्या दोन मोठ्या पाहण्या झाल्या. 2011 ची, 1,791 नमुन्यांची, त्यात 68.4 टक्के नमुने मानकात बसले नाहीत. त्यावरून देशातलं दोन तृतीयांश दूध भेसळीचं, असा डांगोरा पिटला गेला, जो आजही व्हॉट्सॲपवर फिरतो. त्यातलं बहुतांश मानकात न बसणं पाण्याचं आणि पावडरीचं होतं. दुसरी पाहणी 2018 ची, 6,432 नमुन्यांची. त्यात भेसळीचे नमुने निघाले अवघे 12.

“बघा!” आप्पा म्हणाले. “बारा!”

“थांबा. त्याच पाहणीत 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-1 मर्यादेपेक्षा जास्त निघालं. किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम ही मर्यादा. ते कुणी दुधात टाकत नाही, दाजी. ते गाईच्या पोटातून येतं. ओल लागलेली सरकी पेंड, बुरशी आलेला मका गाईने खाल्ला की त्यातलं विष यकृतातून रूप बदलून दुधात उतरतं. उकळून जात नाही. तुमच्या मशिनीवर दिसत नाही. ते दूध साडेतीन-साडेआठ लागेल, गोड लागेल, आणि रोज लहान मुलाच्या पेल्यात जाईल. बाराला पकडायला समिती आहे. या 368 चं कुणी नावही घेत नाही, कारण त्यात चोर नाही. आणि तुमच्यासाठी केलेली सवलत, कायदा गोठ्याच्या दारात थांबतो ती, ती या विषालाही लागू पडते.”

आप्पांनी बराच वेळ अंगणातल्या पेंडीच्या पोत्यांकडे पाहिलं. 2019 च्या चारा छावणीत आमच्या गाई चार महिने होत्या, तेव्हा आलेली पेंड कशी होती हे त्यांना आठवत असावं. मला आठवते. पोतं फोडलं की कुबट वास यायचा आणि आप्पा ती उन्हात पसरायचे.

“वाळवली की जातंय का ते?” त्यांनी विचारलं.

“नाही. तयार झालेलं जात नाही. ओल लागूच द्यायची नाही.”

आप्पा उठले. पोती भिंतीपासून हातभर पुढे ओढली, खाली फळ्या सरकवल्या. मामा पदर खोचल्यासारखी लुंगी खोचून दुसऱ्या टोकाला लागले. दोघांत एक शब्द नाही.

सहाला केंद्र उघडलं. मामा खुर्ची घेऊन कोपऱ्यात बसले, जुन्या ऑफिसात बसावं तसे. ओळ लागली होती: किटल्या, कॅन, एक पोरगा बाटलीतून दीड लिटर घेऊन आलेला. आप्पा प्रत्येकाचं दूध ढवळून नमुना घेत होते, मशीन आकडे दाखवत होतं, पावती निघत होती. वरच्या वस्तीवरच्या आजींची किटली आली तेव्हा एसएनएफ 7.9 लागलं. आप्पांनी मामांकडे पाहिलं. मामा उठले, लॅक्टोमीटर मागून घेतला, उंच नळीत दूध ओतून स्वतः सोडला आणि डोळ्याच्या रेषेत वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग बोटावर एक थेंब घेऊन जिभेला लावला.

“पाणी नाही यात,” ते म्हणाले. “गाईला खायला नाही.”

“ते मी कवाचं सांगतोय,” आप्पा म्हणाले आणि पावती फाडली. कपातीसकट.

आजींनी पावती हातात घेतली, वाचता येत नसूनही उलटसुलट करून पाहिली. मग मामांकडे बोट केलं. “हे पावनं कोन रं?”

“भाऊ हाय हिचा. दुधाचा सायब होता सरकारात.”

आजींनी पदर सावरला आणि मामांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. “मग सायब, माझी डिग्री जरा वाढवायला सांगा की ह्येस्नी.”

मामा लॅक्टोमीटर धुवायला नळाकडे गेले.